डायलिसिसच्या पेशंटच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम: साध्या एक्स-रेवर आणि टूडी इकोवर किती भिस्त ठेवावी?

मेडिकल ऑफिसर, दक्षिण यवतमाळ

सगळ्यांना नमस्कार. आमच्या रुग्णालयात डायलिसिसच्या पाच मशीन आहेत. डिजिटल एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे, टूडी इकोसाठी फिजिशियन महिन्यातून दोनदा येतात. साधा सीटी जिल्ह्याच्या गावी होतो. ईसीजी लावून हृदयाचा सीटी काढायचा म्हटलं की सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर. त्यात पेशंटचा दिवस जातो, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डायलिसिसची पाळी असते. त्यामुळे गरज नसताना कोणाला पाठवायचं नाही.

मला विचारायचंय ते असं. पोटाचा बाजूचा एक्स-रे काढून महाधमनीतलं कॅल्शियम मोजतात, तो नेमका कसा काढायचा आणि वाचायचा? आमचे बरेच पेशंट झरी-जामणी, पांढरकवडा भागातले आहेत. पाण्यात फ्लोराइड, त्यामुळे मणकेच इतके पांढरे दिसतात की पुढची रेघ धमनीची का हाडाची, कळत नाही. आणि सीटीला खरंच पाठवायलाच हवं असा पेशंट कोणता?

किडनीवाला, नागपूर

डॉक्टर, पाच मशीनच्या युनिटला बाजूचा एक्स-रे आणि नीट केलेला इको एवढं पुरतं. ही कमी सोयीतली तडजोड नाही. केडीआयजीओ या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत हेच आहे: किडनीचा आजार तिसऱ्या किंवा पुढच्या टप्प्यात असलेल्या माणसात रक्तवाहिन्यांचं कॅल्शियम बघायला पोटाचा बाजूचा एक्स-रे आणि झडपांचं बघायला इको, हे सीटीला रास्त पर्याय आहेत. पुरावा कमकुवत प्रतीचा आहे हेही तिथंच लिहिलंय. पण कॅल्शियम सापडलं तर तो पेशंट हृदयविकाराच्या सर्वांत जास्त धोक्याच्या गटात धरावा, हे त्याच सूचना जास्त ठामपणे सांगतात.

वाचायची पद्धत कौपिला गुणांची, १९९७ ची. कमरेचे पहिले चार मणके, एल-१ ते एल-४, यांच्या समोरचा महाधमनीचा भाग घ्यायचा. दोन मणक्यांमधल्या गादीच्या मध्यावर एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला असं समजायचं. प्रत्येक तुकड्याची पुढची भिंत वेगळी, मागची वेगळी. काही नसेल तर ०. भिंतीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागात कॅल्शियम असेल तर १, एक तृतीयांश ते दोन तृतीयांश असेल तर २, त्याहून जास्त असेल तर ३. चार तुकडे, दोन भिंती, म्हणजे जास्तीत जास्त २४. रेघ किती जाड किंवा किती पांढरी आहे ते मोजायचं नाही, लांबी मोजायची. नवीन माणूस इथेच चुकतो, ठळक रेघ दिसली की ३ देऊन टाकतो.

युरोपातल्या डायलिसिस पेशंटांवरच्या कॉर्ड अभ्यासात ० ते ४, ५ ते १५ आणि १६ ते २४ असे तीन गट केले होते. तुम्हीही तेच वापरा. १३ का १४ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एकच फिल्म दोन जण वाचतील तर एक-दोन गुणांचा फरक पडणारच. एकाच माणसानं सगळ्या वाचल्या तर उत्तम.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. किडनीच्या पेशंटमध्ये कॅल्शियम दोन ठिकाणी बसतं. आतल्या थरात, चरबीच्या गाठींबरोबर, तिथं नळी अरुंद होते. आणि मधल्या स्नायूच्या थरात, तिथं नळी उघडी राहते पण लोखंडी पाइपासारखी ताठ होते. दुसरा प्रकार मधुमेह आणि डायलिसिसवाल्यांत फार. ताठ धमनीमुळे वरचा रक्तदाब वाढतो, खालचा उतरतो, आणि हृदयाची डावी भिंत जाड होत जाते. म्हणून अँजिओग्राफीत अडथळा नसलेल्या पेशंटलाही धोका असतो. हे दोन थर एकमेकांपासून वेगळे करणं सीटीलाही जमत नाही. साध्या एक्स-रेवर हाताच्या, मांडीच्या धमन्यांत रुळासारख्या दोन सलग समांतर रेघा दिसल्या तर मधला थर, तुटक ठिपक्यांचे पट्टे दिसले तर आतला, एवढा अंदाज येतो.

सगळ्यांचा एक्स-रे पहिल्याच आठवड्यात उरकायची घाई नको. डायलिसिस सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं) ठरल्यावर एकदा काढा. पुन्हा काढायचा तर वर्षाच्या आत नको, बदल दिसण्याइतका वेळ जायला हवा.

क्ष-किरण तंत्रज्ञ, वर्धा

मॅडम असोत की सर, तुमच्या एक्स-रेवाल्या भावाला पहिलं हे सांगा की हा कमरेचा एक्स-रे नाही. आपण कमरेच्या बाजूच्या फिल्मला किरणांची चौकट मणक्यांवर घट्ट आवळतो, कारण तसंच शिकवलंय. इथं त्यानंच घात होतो. मणक्यांच्या पुढचा चार-पाच सेंटीमीटरचा भाग फिल्मवर आलाच पाहिजे, धमनी तिथं आहे. वरून शेवटची बरगडी आणि खालून माकडहाडाचा (सॅक्रमचा) वरचा भाग दिसला पाहिजे, नाहीतर मणके मोजताच येत नाहीत.

पेशंट उभा, डावी बाजू डिटेक्टरला, दोन्ही हात वर किंवा पुढे दांड्याला. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर जोर देऊ नका. अंतर १०० सेंटीमीटर, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावून. मध्यबिंदू कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून दोन बोटं वर आणि नेहमीपेक्षा थोडा पुढे. ८५ ते ९५ केव्हीपी (किरणांची ताकद), एमएएस (किरणांचं प्रमाण) शरीर बघून. श्वास सोडून थांबवायचं. पाठीमागे शिशाचं रबर ठेवलं की विखुरलेले किरण कमी होतात आणि पुढचा मऊ भाग धुरकट होत नाही.

ऑटो एक्सपोजर वापरत असाल तर फ्लोराइडवाल्या पेशंटमध्ये बंद करा. मधला सेन्सर दाट मणक्यांच्या मागे येतो, मशीन जास्त किरण सोडतं आणि धमनीची जागा काळी पडते. हातानं एमएएस ठरवा, आणि संगणकावर हाडाची नाही, पोटाची प्रक्रिया निवडा. कडा ठळक करणारं सेटिंग कमी ठेवा, त्यानं खोट्या पांढऱ्या रेघा तयार होतात.

करदोटा काढायला सांगा. त्यातला ताईत आणि चांदीचे मणी नेमके तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर येतात. नाडीची गाठ, सेफ्टी पिन, पदराची पिन, हेही. करदोटा काढायची तयारी नसेल तर मांड्यांपर्यंत खाली सरकवला तरी चालतं. जबरदस्ती करायचं कारण नाही.

डायलिसिसनंतर लगेच काढू नका, पेशंटला उभं राहून चक्कर येते. आधी काढा किंवा सुट्टीच्या दिवशी. उभं राहता येत नसेल तर कुशीवर झोपवून काढा, पण मग पुढच्या वर्षीही झोपवूनच. अंतर, स्थिती, केव्हीपी फाइलवर लिहून ठेवा, नाहीतर दोन फिल्मांची तुलना निरर्थक.

आतड्यात गॅस असेल तर आदल्या रात्री हलकं जेवण पुरे. पोट साफ करायला फॉस्फेटचा एनिमा अजिबात देऊ नका, या पेशंटना तो जिवावर बेतू शकतो. आणखी एक: फॉस्फेट कमी करायला दिलेल्या लँथेनमच्या गोळ्या एक्स-रेवर पांढऱ्याशुभ्र दिसतात, कॅल्शियमच्याही कधी कधी. फिल्म काढायच्या आधी पेशंट कोणत्या गोळ्या घेतो ते विनंतीपत्रावर लिहायला लावा.

हातांचे आणि ओटीपोटाचे एक्स-रेही जोडीला काढता येतात. हात ५० ते ५५ केव्हीपीवर, ग्रिडशिवाय. बांगड्या काढूनच, काचेच्याही, कारण काचही दिसते.

रेडिओलॉजिस्ट, अकोला

वर हात आणि ओटीपोटाचा उल्लेख आलाय, ती अद्रागावची पद्धत, २००४ ची. ओटीपोटाच्या फिल्मवर दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांच्या वरच्या कडेवरून आडवी रेघ आणि मधून उभी रेघ, चार चौकोन. प्रत्येक हातावर तळहाताच्या हाडांच्या वरच्या टोकाशी एक आडवी रेघ, म्हणजे दोन हातांचे मिळून चार भाग. ज्या भागात धमनीच्या आकाराची रेघेसारखी कॅल्शियमची खूण आहे त्याला १. एकूण ८. तीन किंवा जास्त आले तर धोका जास्त. हे वाचायला सोपं आहे, आणि तुमच्या भागासाठी मला ते कौपिलापेक्षा बरं वाटतं. कारण पुढे येतंच.

फ्लोराइड. हाडांच्या फ्लोरोसिसमध्ये मणके एकसारखे दाट होतात, आणि मणक्यांच्या पुढून जाणारा लांब बंध (लिगामेंट) कॅल्शियमनं भरतो. हा बंध मणक्याला आणि गादीला चिकटून जातो, थेट माकडहाडापर्यंत. महाधमनी साधारण चौथ्या मणक्याशी दुभंगते, म्हणून एल-५ च्या खाली सरळ चालू राहिलेली रेघ बंधाची. धमनीची पुढची भिंत मणक्यापासून सुटी, दोन सेंटीमीटरच्या आसपास पुढे, हलकी बाकदार दिसते. तिच्याबद्दल सहसा शंका राहत नाही. अडचण मागच्या भिंतीची आहे, ती मणक्याजवळूनच जाते आणि बंधाच्या रेघेत मिसळते. अशा फिल्मवर मागच्या भिंतीला जबरदस्तीनं गुण देऊ नका. फक्त पुढची भिंत वाचा, १२ पैकी गुण द्या आणि ‘मागची भिंत वाचता आली नाही, फ्लोरोसिस’ असं लिहा. २४ पैकीचा खोटा आकडा पुढच्या डॉक्टरची दिशाभूल करतो.

फ्लोरोसिसची खात्री करायची तर कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्स-रे काढा. दोन हाडांमधल्या पडद्यात कॅल्शियम दिसलं की निदान जवळपास पक्कं. ओटीपोटात माकडहाडापासून निघणारे बंधही भरलेले दिसतात, त्यांना अद्रागावचे गुण देऊ नयेत. उलट, मणक्याचा वरचा-खालचा कडेचा पट्टा दाट आणि मधला फिका, रग्बीच्या जर्सीसारखा, असेल तर ते पॅराथायरॉइडचं (कॅल्शियम सांभाळणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथींचं) काम. एकाच पेशंटमध्ये दोन्ही असू शकतं. किडनी थकली की फ्लोराइड बाहेर पडणं कमी होतं, म्हणून या लोकांत फ्लोरोसिस अधिक वेगानं बळावतो.

विदर्भात सिकलसेलही आहे. तिथं आक्रसलेली, कॅल्शियम भरलेली प्लीहा बाजूच्या फिल्मवर वरच्या मणक्यांवर येऊन पडते. शंका असली की समोरून एक फिल्म काढा, डाव्या बरगड्यांखाली गेली तर प्लीहा. ओटीपोटात शिरांमधले खडे गोल असतात, रेघेसारखे नसतात. मधुमेही पुरुषांत वीर्यवाहिनीत कॅल्शियम बसतं, मूत्राशयामागे मध्याकडे येणाऱ्या दोन सारख्या नळ्या दिसतात. त्या धमन्या नव्हेत. कुल्ल्यांतल्या जुन्या इंजेक्शनच्या गाठीही मोजू नका.

आता सीटी. हृदयाचा कॅल्शियम सीटी कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून रंगद्रव्य न देता), ईसीजीशी जुळवून, १२० केव्ही, सुमारे ३ मिमीचे काप. किरणांची मात्रा साधारण १ मिलिसीव्हर्ट. अगॅटस्टनची १९९० ची पद्धत: १३० हाउन्सफील्डच्या (सीटीवरच्या दाटपणाचं एकक) वर आणि निदान १ चौरस मिमी असेल तोच डाग धरायचा. १३० ते १९९ ला १, २०० ते २९९ ला २, ३०० ते ३९९ ला ३, ४०० पासून पुढे ४, या आकड्यानं क्षेत्रफळाला गुणायचं आणि बेरीज करायची. ४०० च्या वर म्हणजे भरपूर. पण हा आकडा नळी किती बंद आहे ते सांगत नाही. ते बघायला कॉन्ट्रास्ट देऊन सीटी अँजिओ केला तर इतक्या कॅल्शियममध्ये डाग फुगून दिसतात आणि आतली पोकळी झाकली जाते. म्हणून छाती भरून येणाऱ्या डायलिसिस पेशंटला त्या तपासणीसाठी पाठवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. एमआरआयचा इथं उपयोग नाही, कॅल्शियम त्यात नीट दिसत नाही.

आणि पेशंटच्या पिशवीत टीबीच्या शंकेसाठी किंवा खोकल्यासाठी काढलेला छातीचा साधा सीटी असेल तर तो आधी पुन्हा उघडा. ईसीजी न लावलेल्या सीटीवरही हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम नाही, थोडं, मध्यम, भरपूर, एवढं डोळ्यानं सांगता येतं. महाधमनीची कमान आणि झडपही दिसते. नवा खर्च नाही, प्रवास नाही.

मेडिकल ऑफिसर, दक्षिण यवतमाळ

तिघांचेही मनापासून आभार. पुढची भिंत फक्त १२ पैकी वाचायची, ही गोष्ट मला कुठंच सापडली नव्हती. इकोबद्दलही कोणीतरी सांगा. आणि पायाचा-हाताचा रक्तदाब मोजून जो भागाकार काढतात, तो आमच्या मधुमेही पेशंटमध्ये १.४ च्या वर येतो. तो चांगला समजायचा का?

फिजिशियन, बुलढाणा

नाही, १.४ च्या वर म्हणजे धमनी दाबलीच जात नाही. मधल्या थराच्या कॅल्शियममुळे पट्टा कितीही फुगवला तरी ती बंद होत नाही, म्हणून आकडा खोटा वाढतो. अशा पायात रक्त कमी पोचत असलं तरी आकडा नॉर्मल दिसू शकतो. पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा, त्या छोट्या धमन्या त्यामानानं वाचलेल्या असतात. अंगठा-हात भागाकार ०.७ पेक्षा कमी म्हणजे अडथळा धरा. अंगठ्याचा पट्टा नसेल तर सोनोग्राफीच्या डॉप्लरवर घोट्याच्या धमनीची लाट बघा. तीन टप्प्यांची टोकदार लाट ठीक, एकच बसकी लाट म्हणजे वर कुठेतरी अडथळा. हाताचा दाब फिस्टुला नसलेल्याच हाताचा.

इकोचा दिवस डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठरवा. अंगात पाणी साचलेलं असताना हृदय फुगलेलं दिसतं, झडपा गळताना दिसतात आणि कॅल्शियमचा प्रश्न बाजूला राहतो. गेन (प्रतिमेचा उजळपणा) कमी करून बघा. गेन जास्त असला की साधी जाड झालेली झडपही चुनखडीसारखी चमकते. खरं कॅल्शियम असेल तर गेन कमी केल्यावरही टिकतं आणि मागे काळी सावली टाकतं. मायट्रल झडपेचं (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) कडं आडव्या छेदात, छातीच्या हाडाच्या डाव्या कडेवरून बघा. मागच्या बाजूला चंद्रकोरीसारखा पट्टा दिसतो. त्याची जाडी मिमीत लिहा. नुसतं ‘कॅल्सिफाइड’ लिहिलेल्या रिपोर्टवरून पुढच्या वर्षी काहीच ठरवता येत नाही.

एऑर्टिक झडपेतून (हृदयातून महाधमनीत उघडणारी) जाणाऱ्या रक्ताचा सर्वाधिक वेग प्रत्येक वेळी लिहाच. सेकंदाला २ मीटरच्या आत असेल तर झडप जाड आहे पण अडथळा नाही. ३ ते ४ मध्यम, ४ किंवा जास्त गंभीर. फिस्टुलातून खूप रक्त वाहत असेल, हिमोग्लोबिन ६-७ असेल तर वेग खोटा वाढतो. हृदय कमजोर असेल तर खोटा कमी येतो. या दुसऱ्या गटात कॉन्ट्रास्टशिवायच्या सीटीवर झडपेचं कॅल्शियम मोजणं खरोखर कामाचं आहे: पुरुषांत २००० आणि बायकांत १२०० अगॅटस्टनच्या वर गेलं तर अडथळा गंभीर असण्याची शक्यता दाट. सीटीला पाठवायचा पेशंट तुम्ही विचारला होता, त्यातला हा एक. डायलिसिसवर झडपेचा अडथळा इतरांपेक्षा लवकर वाढतो, म्हणून मध्यम असेल तर वर्षाला इको चुकवू नका. प्रत्येक पाळीला पेशंटचा दाब कोसळत असेल आणि छातीवर मोठी मर्मर (हृदयाचा जास्तीचा आवाज) ऐकू येत असेल तर वजन पुन्हा ठरवत बसण्याआधी झडप बघा.

गळ्यात कॅथेटर (डायलिसिसची नळी) असलेल्या, ताप आलेल्या पेशंटमध्ये मायट्रलच्या कड्यावरचा गोळा म्हणजे जंतुसंसर्ग की कॅल्शियम, हे वरवरच्या इकोवर चुकतं. अशा वेळी ब्लड कल्चर घेऊन लगेच वर पाठवा.

इको मशीन उपकेंद्रात किंवा शिबिरात नेण्याचा विचार असेल तर आधी पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंगनिदानबंदी कायद्याच्या) नोंदणीत ती जागा आहे का बघा. इको मशीन हृदयाची असली तरी कायद्यातून सुटत नाही.

किडनीवाला, नागपूर

सीटीला पाठवायचा दुसरा पेशंट म्हणजे प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालायचा पेशंट. त्याला ओटीपोटाचा कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी हवा, कारण नवी किडनी ज्या धमनीला जोडायची ती कुठं मऊ आहे आणि कुठं दगड झालीय हे सर्जनला चाकू लावण्याआधी कळलं पाहिजे. ओटीपोटाच्या साध्या फिल्मवर दोन्ही बाजूला ठळक रेघा दिसल्या तर हे लवकर करा. फिस्टुला करण्याआधीही मनगटाच्या धमनीची सोनोग्राफी घ्या. आतली रुंदी २ मिमीपेक्षा कमी किंवा भिंत सलग पांढरी आणि मागे सावली, तर फिस्टुला कोपराशी करावा का हे सर्जनला विचारा.

बाकीच्यांत आकडा काहीही येवो, करायचं ते आपल्याच युनिटमध्ये आहे. कॅल्शियम सापडलं की पहिल्यांदा फॉस्फेट कमी करायला दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांचा हिशेब करा. कॅल्शियम अ‍ॅसिटेटच्या ६६७ मिग्रॅच्या गोळीत १६९ मिग्रॅ कॅल्शियम असतं, कार्बोनेटच्या १२५० च्या गोळीत ५००. म्हणजे दिवसाला कार्बोनेटच्या तीन गोळ्यांत १५०० मिग्रॅ झाले, गोळ्यांतून घ्यायच्या कॅल्शियमच्या जुन्या मर्यादेची कड तिथंच आली, आणि आता सल्ला त्याहून आखडता घ्यायचा आहे. खर्ऱ्यातला चुनाही कॅल्शियमच आहे, दिवसाला किती पुड्या हे विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. ६० हजार युनिटची ड-जीवनसत्त्वाची पाकिटं गावातून कोणी दर आठवड्याला देतंय का, तेही विचारा. सेव्हेलामर (फॉस्फेट कमी करणारी, कॅल्शियम नसलेली गोळी) परवडत नसेल तर निदान पाकीटबंद फरसाण, कोला, बेकरीचा माल बंद करा. त्यात मिसळलेला फॉस्फेट जवळजवळ सगळा अंगात जातो. तुरीच्या वरणातला, डाळी-दाण्यांतला त्यामानानं कमी जातो, म्हणून वरण बंद करून माणसाला अशक्त करू नका.

डायलिसिसच्या द्रावणाचा कॅन उलटा करून लेबल वाचा. लिटरला १.७५ मिलिमोल कॅल्शियमचं असेल तर १.२५ ते १.५० चं मिळतं का बघा, पण पॅराथायरॉइडचा आकडा आणि दाब बघून, तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून. द्रावण बनवायच्या आरओच्या (शुद्ध केलेल्या) पाण्यात फ्लोराइड लिटरला ०.२ मिग्रॅच्या आत हवं. पिण्याच्या पाण्याची १.५ ची मर्यादा इथं लागू नाही, एका पाळीत पेशंटच्या रक्तासमोरून शंभर लिटरहून जास्त द्रावण जातं. तुमच्या तालुक्यात ही तपासणी आरओचा पडदा बदलल्यावर दर वेळी करून घ्या.

वॉरफरिनवर (रक्त पातळ करणारं औषध) असलेल्यांची वेगळी यादी करा. ते औषध कॅल्शियम बसू न देणाऱ्या प्रथिनाला जागं होऊ देत नाही. कृत्रिम धातूची झडप असेल तर ते बंद करता येणार नाही, बाकीच्यांत गरज पुन्हा तपासा. अशा पेशंटच्या मांडीवर, पोटावर असह्य दुखणारा जांभळट कडक चट्टा आला तर ते साधं गळू समजून चिरू नका. मऊ भागाचा एक्स-रे काढा, त्यात बारीक जाळ्यासारखं कॅल्शियम दिसू शकतं. दिसलं नाही तरी थांबू नका. वॉरफरिन आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दल फोनवरच विचारा आणि त्याच दिवशी पेशंट पाठवा.